नवं पुस्तक, पण कुणासाठी?

(खोका उघडतो. पुस्तकांचे कणे जवळून.)

सगळ्यात वर जाडजूड कादंबरी. तिच्याखाली अंतराळावरचं पुस्तक, मग एक चरित्र, एक कवितासंग्रह. कडेला उभं खोचलेलं मुलांचं चित्रपुस्तक.

मुखपृष्ठावर ग्रंथपालबाईंची नजर ठरतच नाही. शीर्षकपान उलटून त्या आधी मागची बारीक अक्षरं वाचतात. प्रथमावृत्ती की पुनर्मुद्रण, ते तिथे कळतं. जुनं पुस्तक नव्या वेष्टनात आलं, तर ते ‘नवीन’च्या फळीवर लागत नाही. आधीच वाचलेलं पुन्हा घरी नेल्यावर वाचक चिडतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

(शिक्का. दाखल क्रमांक. कण्यावर चिकटणारी चिठ्ठी.)

चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे वर्गांक. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. ५००च्या घरात विज्ञान, ८००मध्ये साहित्य, ९००मध्ये इतिहास आणि भूगोल. पुस्तक शोधायला ही सोय उत्तम. सुचवायला मात्र ती तोकडी पडते, कारण खिडकीवर आलेला माणूस एवढंच म्हणतो, “काहीतरी चांगलं द्या.”

(देवघेव खिडकी. समोर एक गृहस्थ.)

बाई विचारतात, “शेवटचं कुठलं पुस्तक झोप मोडून वाचलंत?” उत्तर येतं, रहस्यकथा. खुनी कोण होता, ते त्यांना आठवत नाही. आठवतो तो तपास करणारा म्हातारा फौजदार, त्याचा तिरसटपणा, त्याचे दुखरे गुडघे.

अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात: कथानक, पात्रं, स्थळ आणि भाषा. प्रत्येकाचं नेहमीचं दार वेगळं. हे गृहस्थ पात्रांच्या दारातले. त्यांच्या हाती पडतं ते नवं चरित्र. रहस्यकथांच्या कपाटाकडे कुणी वळलंसुद्धा नाही.

खपाच्या यादीला हे कधी जमणार? किती जणांनी घेतलं, तेवढंच तिला ठाऊक.

(कवितासंग्रह. बाई मधलंच पान उघडतात.)

कवितासंग्रह त्या असाच उघडा हातात देतात. चार ओळींवर वाचक रेंगाळला तर नोंद होते, नाहीतर पुस्तक परत फळीवर. प्रस्तावना वाचायला कुणालाच सांगत नाहीत. फार शहाणपणाचं काम!

(चित्रपुस्तक. मुलांचा घोळका.)

चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची, म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे (फर्मा म्हणजे घडी घालून पानं केलेला छापील कागद). परीक्षा एकच, मोठ्यानं वाचून बघायचं. वाचणाऱ्याची जीभ अडखळली की मुलं उठून जातात. इथे कुणी उठलेलं नाही, दिसतंच आहे.

(मोठ्या अक्षरांतलं पान. भिंगाशिवाय वाचणाऱ्या आजी.)

मोठ्या टायपातली पुस्तकं फ्रेडरिक थॉर्प यांनी १९६४मध्ये इंग्लंडात काढायला सुरुवात केली. आजींना धार्मिक काहीतरी लागेल, हा आपला समज. त्यांनी नेली ती भयकथा.

वयाचा एक फायदाही आहे. पर्लबाईंचा नियम असा: नव्या पुस्तकाला ५० पानं द्या, नाही रुचलं तर मिटा. पन्नाशी ओलांडली असेल, तर १००मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं वाचा. सत्तरीला ३० पुरेत.

(‘नवीन’ची फळी. एक सडपातळ पुस्तक, मुखपृष्ठ दर्शनी.)

हे एका अनोळखी लेखकाचं पहिलंच पुस्तक. ते मुद्दाम तोंड बाहेर करून ठेवलंय. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरं सांगतं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. कधी वर्षभर मिळत नाही.

(परतीची खिडकी.)

पुस्तक परत करताना ते कुठल्या पानावर सोडलंत, आणि का, एवढं खिडकीवर सांगा. पुढचं निवडायला बाईंना ते उपयोगी पडतं.