आधी गाऊन दाखव

नमस्कार मंडळी. आज जॅझच्या शिकवणीबद्दल बोलूया. म्हणजे वीस पोरं आणि एक फळा असला क्लास नाही हं, एक मुरलेला वादक, समोर एक विद्यार्थी आणि दार बंद. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवायचं, मग त्यात शिकवायचं काय डोंबल? शंका रास्त आहे, आणि तिचं सगळ्यात भारी उत्तर मला तरी लेनी ट्रिस्टानोकडे सापडतं.

हा शिकागोचा, जन्म १९१९ चा, दृष्टी लहानपणीच गेलेली, आणि पियानो असा वाजवायचा की भलेभले गप्प. १९४६ ला न्यूयॉर्कला आला, १९५१ ला मॅनहॅटनमध्ये ईस्ट थर्टी-सेकंड स्ट्रीटवर स्वतःचा स्टुडिओ काढला, तो काही वर्षांनी बंद पडला तर क्वीन्समध्ये राहत्या घरी शिकवायला लागला, आणि १९७८ मध्ये जाईपर्यंत शिकवतच होता. क्लबातलं वाजवणं त्याने जवळजवळ सोडूनच दिलं, शिकवण्यांवरच घर चालायचं.

आता गंमत बघा. विद्यार्थी सॅक्सोफोन घेऊन यायचा, मनात असायचं की आता कुठलीतरी गुप्त स्केल सांगतील, कॉर्डची काहीतरी ट्रिक सांगतील. आणि हा सांगायचा, टेनर सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचा एक सोलो, म्हणजे त्याने एकट्याने रंगवलेला तुकडा, घे आणि गा. हो, गा! शब्द नाहीतच त्याला, मग डू-डा-बा जे जमेल ते, पण रेकॉर्डबरोबर, प्रत्येक स्वर, प्रत्येक घसरण, लेस्टर जिथे श्वास घेतो तिथेच आपणही श्वास घ्यायचा. ते जमलं की रेकॉर्ड बंद करून गायचं. आणि तेही पक्कं झालं की मग कुठे वाद्य हातात. लेस्टर झाला की ट्रम्पेटवाला रॉय एल्ड्रिज, आल्टो सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, पियानोवाला बड पॉवेल. पियानो शिकणाऱ्यालाही सॅक्सोफोनचे सोलो गावे लागायचे, त्यात सूट नाही.

का, तर बोटं लबाड असतात. एकदा वळण लागलं की ती आपली आपण पळतात, कानाला विचारतच नाहीत, आणि ऐकणाऱ्याला वाटतं वा काय सुटलाय! गळ्याला ही चलाखी जमत नाही, जे ऐकू आलं नाही ते गाताच येत नाही. आपल्याकडे सतार-सरोद शिकणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, आपले उस्ताद-पंडित आधी गाऊनच सांगतात. फरक इतकाच की आपल्याकडे शिष्य समोरच्या गुरूचं उचलतो, इथे समोर बसलेला गुरू म्हणतो माझं नको, त्या रेकॉर्डवरच्याचं उचल.

आणि वेग फार असेल तर टेप अर्ध्या वेगाने लावायची. जुन्या टेपवर वेग निम्मा केला की आवाज बरोबर एक सप्तक खाली यायचा, आता मोबाईलवरचं ॲप स्वर आहे तिथेच ठेवून नुसता वेग कमी करतं, म्हणजे आपली चैनच. असं सावकाश ऐकलं ना की कळतं लेस्टर काय करतोय. तो एकच स्वर लागोपाठ वाजवतो पण दर वेळी बोटं वेगळी, त्यामुळे स्वर तोच आणि रंग दोन, एक मोकळा, एक दबलेला. कागदावर लिहिलं तर दोन्ही ठिपके सारखेच दिसतील.

या सगळ्याचा परिणाम काय झाला म्हणाल तर आल्टो सॅक्सोफोनवाला ली कोनित्झ. शिकागोत पोरसवदा असतानाच तो ट्रिस्टानोकडे लागला. तेव्हा आल्टो सॅक्सोफोनवाले एकजात सगळे चार्ली पार्करसारखं वाजवायला धडपडत होते, आणि पार्करचे सोलो पाठ असूनही हा पठ्ठ्या कोनित्झसारखाच वाजला. १९५२ ला तो स्टॅन केंटनच्या मोठ्या जॅझ बँडमध्ये गेला, आणि माझ्या मते बरं झालं गेला, कारण ट्रिस्टानोभोवती पंथासारखं काहीतरी तयार व्हायला लागलं होतं, बाहेरचे तर उघडच तसं म्हणायचे. गुरू तगडा असला की हा धोका असतोच.

पुढे कोनित्झ स्वतः शिकवायला लागला, त्याची दहा पायऱ्यांची पद्धत मला फार आवडते. एक जुनं गाणं घ्यायचं, पहिल्या पायरीवर चाल आहे तशी वाजवायची, नुसती, सुंदर. मग एखादा स्वर इकडचा तिकडे, मग थोडी नक्षी, असं करत करत दहाव्या पायरीला मूळ चाल दिसेनाशी होते. बहुतेक लोकांना थेट दहावीवर उडी मारायची असते हो!

आणि शीला जॉर्डन. डेट्रॉइटहून न्यूयॉर्कला आलेली, पार्करच्या संगीताने वेडी झालेली गायिका, तीही ट्रिस्टानोकडे शिकली. दिवसा ऑफिसात टायपिंग, रात्री गाणं, असं कित्येक वर्षं. बाईंनी नंतर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात कितीतरी पोरांना शिकवलं.

आपल्या बाजूलाही याचा एक धागा आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, पोरांकडून आधी सॉल्फेज, म्हणजे डो-रे-मी अशी स्वरांची नावं, गाऊन घ्यायचे. त्यामुळे मुंबईच्या बँडांमध्ये नोटेशन वाचण्यात गोंयकारांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण जॅझ नोटेशनमध्ये कुठलं सापडायला? ते आलं रेकॉर्डवरून, आणि १९३५ पासून ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीसारखे अमेरिकन कृष्णवर्णीय वादक वाजवायला लागले त्यांच्याकडून. हळदोण्याचा चिक चॉकलेट त्याच जगातला ट्रम्पेटवाला, पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्याचा मोठा हात होता.

तुमच्यापैकी कुणी आता ऑनलाइन मास्तर शोधत असेल तर एक लक्षात ठेवा, व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांनी एकदम वाजवणं जमत नाही, त्याने वाजवायचं, थांबायचं, मग तुम्ही. पहिल्या दिवशी मास्तराने पीडीएफचा गठ्ठा पाठवला तर मी जरा सावध होईन. तुम्ही ऐकता काय, असं विचारलं तर फी भरा.

बरं, आता लेस्टर ऐकूया. रेकॉर्डिंग १९३६ चं, शिकागोचं, गाणं 'लेडी बी गुड'. बँडचं नाव जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड, कारण बँडचा म्होरक्या, पियानोवाला काउंट बेसी दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी करारात अडकलेला, त्याचं नाव छापता येईना. सुरुवातीला पियानो आहे तो बेसीचाच. त्यानंतर सॅक्सोफोन सुरू होईल, चौसष्ट मात्रा नाहीत हं, चौसष्ट बार, एका बारात चार मात्रा, जेमतेम दीड मिनिट. घरात कुणी हसलं तर हसू दे, बरोबर गाऊन बघा. लावतोय.