‘काका’मधले दोन ‘का’
(नागपुरातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय छापलाय ‘हाताने काढलेले फॉन्ट आणि त्यांचा वापर’. तिकडे येतोच. आधी मारबतीकडे, म्हणजे आपल्या नागपूरच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीकडे जाऊ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्याच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या, गळ्यात पाटी असते, ती तुम्ही सगळ्यांनी वाचली आहे. महाल भागात एका पेंटरला मी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ रंगवताना पाहिलं. पहिला ‘डा’ त्याने ऐसपैस काढला. दुसऱ्याला जागा कमी पडली, तर त्याचं पोट थोडं आत घेतलं आणि काना जवळ सरकवला. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका दमात. दोन्ही ‘डा’ एकाच हातचे, पण जुळे नाहीत. अक्षराचा खेळकरपणा मला तिथे दिसतो.

आता माझं दुखणं सांगतो. आमच्या वस्तीतल्या तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याची, पत्रिका छापायला दिली होती. मजकूर एवढाच: ‘काका, मामा, नाना, सगळे या.’ म्हटलं, अक्षरं पोरांच्या हातची वाटू द्या. ऑपरेटरने कॉमिक सॅन्स हा हाताने लिहिल्यासारखा इंग्रजी फॉन्ट लावला. त्यात देवनागरी नाहीच, त्यामुळे कॉम्प्युटरने गुपचूप त्याच्याकडचा मंगल हा साधा फॉन्ट आणून बसवला. मग एक वेडावाकडा मराठी फॉन्ट सापडला. छान होता! पण ‘काका’चे दोन्ही ‘का’ तेवढेच कललेले, दोन्ही कान्यांना खाली तीच गाठ. मामात तेच, नानात तेच. आपल्या भाषेत अशा जोड्या घरोघरी: बाबा, दादा नाहीतर मामा. मी म्हटलं, दुसरा ‘का’ बदला. तो म्हणाला, ‘काहून? फॉन्टमध्ये एकच का आहे ना!’

पत्रिका तशीच वाटावी लागली. मला ते अजून सलतं, कारण उपाय आहे. ओपनटाइप या आजच्या नेहमीच्या प्रकारच्या फॉन्टमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवता येतात आणि शेजार पाहून फॉन्ट आपोआप दुसरं रूप उचलतो. तेही नको असेल तर शब्दाची आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं चित्र करा, आणि एक काना हाताने जरा ओढा. दोन मिनिटांचं काम.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर वापर. मोदक हा ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा. इतका गुबगुबीत की अक्षराच्या पोटात पांढरी फट तेवढी उरते. म्हणून तो मिठाईच्या डब्यावर, फलकावर, दोन-तीन शब्दांपुरता. बारीक छापलात की फटी शाईने बुजतात. बालू हा फॉन्ट त्याहून मोकळा, मुलांच्या पुस्तकाच्या मथळ्याला चालतो. कलम मार्करने लिहिल्यासारखा, चित्राखालच्या ओळींना बरा. पानभर मजकुराला यातला एकही नको, तिथे मुक्ता लावा.

हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. धंद्याच्या छपाईलाही पैसे नाहीत आणि फॉन्टमध्ये बदल करायचीही मुभा आहे. म्हणजे दुसरा ‘का’ आपण घालू शकतो.

कागद आणि ब्रश बाहेर टेबलावर ठेवलेत. चहाआधी प्रत्येकाने दोनदा ‘का’ काढून जा, नागपूरच्या हातचे.