गुलाबी बैल कुणाचा?

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘जुने संगणक खेळ आणि कॉपीराइट कायदा’ असा छापलाय. त्यामुळे पुढच्या दोन रांगांत वकील मंडळी दिसताहेत आणि मागे दाराजवळ, म्हणजे पटकन सटकता येईल अशा जागी, चाळिशीतली मुलं बसलीत. दोघांचंही स्वागत. मागच्यांना विचारतो, कॉम्प्युटर क्लासला जाऊन प्रिन्स कुणी कुणी खेळलाय? वा, बरेच हात आहेत. आता सांगा, विकत घेऊन कुणी खेळलाय? ... हं. वकिलांनी मागे वळून बघू नये.

प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९चा. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुण अमेरिकनानं तो ॲपल टू संगणकावर तयार केला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल चितारली. म्हणून तो राजपुत्र कठड्याला लोंबकळताना खरोखर दमल्यासारखा वाटतो. पुढं गेम डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसींवर आला आणि तिथून आपल्याकडे. आता त्यात एक खोली होती, आठवतेय का? बाटल्या मांडून ठेवलेल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. खाली सूचना यायची: माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, तमुक ओळीत, अमक्या शब्दाचं पहिलं अक्षर बघा आणि त्या अक्षराची बाटली प्या. भलतीच बाटली प्यालात तर राजपुत्राचं काही खरं नाही. ही पुस्तिका कुणाकडे? ज्यानं खोक्यासकट गेम घेतला त्याच्याकडे. आपल्याकडे ना खोका, ना पुस्तिका. सरांच्या फ्लॉपीवरून मित्राच्या फ्लॉपीवर आणि तिथून आपल्या, असा तो गावोगाव पोचला. सोबत एक कागदाचा चिटोरा असायचा, त्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ लिहिलेलं. गेम सुरू करताना एवढं टाइप केलं की चीट कोड चालू! मग शिफ्ट आणि एल दाबून तळघरं ओलांडत जायचं. माझ्या माहितीतला एकही मुलगा तो गेम साठ मिनिटांत सरळ मार्गानं पुरा करू शकलेला नाही. मागच्या रांगेतून कुणी ‘मी केलाय’ म्हणेल, त्यानं कार्यक्रमानंतर इथे लॅपटॉपवर करून दाखवावा.

या बाटल्यांवर मी इतका वेळ का घालवतोय? कारण जुना गेम जतन करायचा म्हणजे नुसती फ्लॉपी उतरवून घेऊन भागत नाही. त्यात असली कुलपं असतात. कुणाच्या पुस्तिकेत, कुणाच्या फ्लॉपीवरच्या मुद्दाम खराब केलेल्या जागेत, पुढं पुढं तर कंपनीच्या सर्व्हरवर. पुस्तिका रद्दीत गेली, सर्व्हर बंद पडला, तरी कुलूप शाबूत. त्यामुळे आज टिकलेल्या कितीतरी जुन्या गेमची हाती असलेली प्रत कुणीतरी कुलूप तोडलेली आहे. आणि ही तोडफोड कंपन्यांनाही चालते बरं का, अडलं म्हणजे! २००८ मध्ये युबीसॉफ्टनं रेनबो सिक्स व्हेगस टू या स्वतःच्याच गेमसाठी एक दुरुस्ती प्रसिद्ध केली. लोकांनी ती फाइल उघडून पाहिली, तर तो चोरट्यांच्या एका टोळीनं बनवलेला क्रॅक, म्हणजे कुलूप तोडणारी फाइल निघाली. टोळीची सही आत तशीच. कंपनीनं चोराकडून आपल्याच घराची किल्ली घेतली आणि गिऱ्हाइकाला दिली!

मेकनरचंही सांगतो. प्रिन्सचा मूळ सोर्स कोड, म्हणजे त्यानं लिहिलेला प्रोग्रॅमचा मजकूर, त्याच्याकडेही राहिला नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, त्यात तो निघाला. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाचा जेसन स्कॉट आणि ॲपल टूचा एक जाणकार यांनी बसून त्या वाचल्या आणि मेकनरनं तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. जगभर गाजलेल्या गेमची ही गत असेल, तर आपल्या पुण्या-नाशकात बनलेल्यांचं काय झालं असेल? हसू नका, बनत होते. मी स्वतः एक बनवलाय.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. थोडक्यात सांगतो. (हशा) माझं थोडक्यात त्यांना ठाऊक आहे.

१९९२ साल. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होतो. नाव सांगत नाही, पुढं कळेल का ते. शाळांना संगणक विकायचे आणि सोबत काहीतरी शैक्षणिक द्यायचं, असा धंदा. साहेब म्हणाले, पाढ्यांचा गेम कर. मी म्हटलं, करायचाच तर पावकी, निमकी, पाऊणकीचा करू. बे एके बे कुणीही करेल. बैलगाडी बाजाराला निघालीय. वाटेत प्रश्न येतो, सात पाऊण किती? सव्वापाच लिहिलं की गाडी पुढं, चुकलं की चाक रुततं. आणि उत्तर जुन्या पद्धतीनं लिहायचं, पाच आणि पुढं एक उभी रेघ. साडेपाचला दोन रेघा, पावणेसहाला तीन. पहिल्या रांगेतल्या आजी मान डोलावताहेत बघा.

मराठी अक्षरं हा खरा घोळ होता. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड तेव्हा मिळायचं, ते यंत्रात बसवलं की पडद्यावर देवनागरी. पण ते आमच्या बजेटबाहेर. मग मी आलेखाच्या वहीत, सोळा चौकोन उभे, सोळा आडवे, असं एकेक अक्षर ठिपक्यांनी काढलं. लागतील तेवढीच अक्षरं काढली. ‘शाब्बास’मधला जोडाक्षराचा ब्बा जमवायला अख्खी संध्याकाळ गेली होती. आणि ‘ढ’ मुद्दाम काढलाच नाही. म्हटलं, शाळेत तेवढा एक शब्द पोरं पुरेसा ऐकतात.

रंगांचं तर विचारूच नका. शाळांच्या यंत्रांत सीजीए कार्ड. एका वेळी पडद्यावर चार रंग: काळा, पांढरा, एक आकाशी आणि एक भडक गुलाबी. आकाशी आभाळाला गेला, पांढरा गाडीतल्या पोत्यांना आणि अक्षरांना, काळी जमीन. बैलांना उरला गुलाबी. सातारकडच्या एका मुख्याध्यापकांनी कंपनीला पत्र लिहिलं होतं, ‘खेळ उत्तम आहे, तथापि बैल गुलाबी का?’ त्यांना चार रंगांचा हिशेब समजावणारं उत्तर मीच टाइप केलं.

तर हा गेम. कंपनी पुढं बंद पडली. तिचं जे काही होतं ते दुसऱ्या कंपनीनं घेतलं आणि तिला एका परदेशी कंपनीनं गिळलं. माझ्याकडे माळ्यावर सव्वापाच इंची फ्लॉपी, तिच्यावर बुरशी. एका हौशी मित्रानं जपून पुसून, चालू ड्राइव्ह मिळवून, तिची डिस्क इमेज, म्हणजे हुबेहूब डिजिटल नक्कल, काढून दिली. जुने डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालवली. बैल चालला! म्हटलं, नेटवर टाकू, शाळेतल्या मुलांना फुकट खेळता येईल. मग वाटलं, विचारून टाकावं. आपण सरळमार्गी माणसं. त्या परदेशी कंपनीला रीतसर लिहिलं. पुन्हा लिहिलं. स्मरणपत्रं पाठवली. शेवटी त्यांच्या कायदा विभागाचं उत्तर आलं. त्याचा सारांश असा: अशा नावाचं उत्पादन आमच्या मालकीचं असल्याची नोंद सापडत नाही, तथापि परवानगी देता येणार नाही.

पुन्हा वाचून दाखवू का? नोंद नाही, पण परवानगीही नाही. वकील साहेब, तुम्ही हसताय, पण तुमच्यापैकीच कुणीतरी ते लिहिलंय.

आता आपला कायदा काय म्हणतो? १९५७चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. म्हणजे माझी बैलगाडी आणि एखादी कादंबरी एका पंगतीला. नोकरीत असताना लिहिलं म्हणून कलम १७प्रमाणे हक्क मालकाचा. आणि मुदत? लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ही आधी पन्नास होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क संपायची वेळ आली तेव्हा १९९२ मध्ये सरकारनं ती साठ केली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११पासून त्यांची पुस्तकं कुणालाही छापता येतात आणि आपल्या वाचनालयात ती चार-चार प्रकाशनांची दिसतात. पण माझ्या गेमचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. मालक कंपनी, पण मुदत मोजायची माझ्या मरणापासून. मी तब्येत जितकी सांभाळीन तितके बैल जास्त दिवस कोंडलेले. घरी हे सांगितलं, तर बायको म्हणाली, मग सकाळचं फिरणं बंद करा.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अरे बापरे, आणि मुख्य मुद्दा अजून राहिलाय.

भराभर सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोची इंटरनेट आर्काइव्ह, ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली. जानेवारी २०१५ मध्ये तिनं डॉसचे सुमारे २,४०० गेम ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले. काही उतरवून घ्यायला नको, काही बसवायला नको. मालकानं आक्षेप घेतला की काढतात. कायद्यानं हे पक्कं आहे का? नाही. चालतंय कारण बहुतेक मालकांना आपण मालक आहोत हेच आठवत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासात आलं, की अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. तिथं कंपनीनं नोकरांकडून करवून घेतलेल्या १९८९च्या गेमचा हक्क २०८४च्या अखेरीपर्यंत. तोवर कुठली फ्लॉपी राहतेय?

तिथल्या ग्रंथालयांनी कॉपीराइट कार्यालयाकडे मागितलं काय, तर बाजारात न मिळणारे गेम अभ्यासकांना घरबसल्या बघू द्या. इतर जुन्या सॉफ्टवेअरला २०२१पासून ती मुभा आहे. गेमना ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा नाकारली. अभ्यासकानं इमारतीत यावं, तिथंच खेळावं. विरोध करणाऱ्यांचा मोठा मुद्दा हा, की लोक गंमत म्हणून खेळतील. मी विचारतो, दुसऱ्या कशासाठी खेळतात? या वाचनालयात कादंबरी घरी देताना ‘गंमत म्हणून वाचणार नाही’ असं लिहून घेतात का?

आणि आपल्याकडचं कलम ५२, उपकलम एक, खंड ‘एन’. २०१२ मध्ये घातलं. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कुठलीही कृती संगणकात साठवता येते. टाळ्या वाजवू नका, पुढं ऐका. अट अशी, की ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे. गेमची डिजिटल नसलेली प्रत! ती काय असते? माझी आलेखाची वही? म्हणजे हेच वाचनालय पोथी स्कॅन करू शकतं, पण फ्लॉपी उतरवून घ्यायला या खंडाचा आधार नाही. हे तीन-चार शब्द काढा, एवढी माझी पहिली मागणी.

दुसरी. हरवलेल्या कृतींसाठी कलम ३१अ आहे. इंग्रजी दैनिकात जाहिरात द्या, अर्ज करा, ठरेल ती रॉयल्टी भरा. पण लेखक मेलेला, अज्ञात किंवा न सापडणारा हवा, नाहीतर हक्काचा मालक तरी न सापडणारा हवा. मी पहिल्या तिन्हीत बसत नाही, आणि परवानगी नाकारणारी कंपनी तर सापडलेली आहे. कलम ३१ आहे, मालक नकार देऊन कृती अडवत असेल तर. वकील साहेब मान हलवताहेत, बरोबर आहे. पण पाढ्यांच्या फुकट गेमसाठी परदेशी कंपनीवर खटला कोण लढणार? कलम २१खाली लेखक आपला हक्क सोडू शकतो. मी एका पायावर तयार आहे, पण हक्क मुळात माझ्याकडेच नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच: गेम दहा वर्षं कुठंच विक्रीला नसेल, तर ग्रंथालयाला तो लोकांना घरबसल्या खेळू देता यावा, आणि मालक आला, पुन्हा विकायला लागला, की त्या दिवशी काढावा. शोधाशोधीचा बोजा मालकावर, वाचनालयावर नको. विकत मिळत असेल तर विकतच घ्या, त्यात मी कंपन्यांच्या बाजूनं आहे. पोलंडची जीओजी ही कंपनी २००८पासून जुने गेम चालू स्थितीत, कुलपाशिवाय विकते आणि लोक पैसे मोजून घेतात. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीसारख्यांनी फुकट वाटणाऱ्यांना कोर्टात खेचलं, २०१८ मध्ये एका संकेतस्थळाला १.२ कोटी डॉलरहून जास्तीचा निकाल मान्य करावा लागला. त्यातले कितीतरी गेम निन्टेंडो आजही विकते, त्यामुळे तो राग मला समजतो. न विकणाऱ्याचा मात्र समजत नाही.

दुसरी चिठ्ठी आलीय, हिच्यावर नुसतंच उद्गारचिन्ह आहे. थांबतो. ज्यांच्या माळ्यावर फ्लॉप्या असतील त्यांनी त्या आधी स्वतःच्या ड्राइव्हमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागली की दोन्ही जातात. बाहेर पुस्तकविक्रीच्या टेबलाशेजारी मी आणि माझा मित्र बसणार आहोत, साडेतीन आणि सव्वापाच, दोन्ही इंची ड्राइव्ह सोबत आहेत. लेबल नसलं तरी आणा. आणि प्रिन्स पुरा केलेले गृहस्थ कुठं गेले? लॅपटॉप चालू आहे.