एका वाक्यात सांगता येईल असं कार्ड

नमस्कार श्रोतेहो.

आज मी चित्रांबद्दल बोलणार आहे आणि तेही रेडिओवर, म्हणजे तुम्हाला त्यातलं काहीच दिसणार नाही. पण माझं म्हणणं नेमकं त्याच अडचणीशी निगडित आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत आलो तो ऑगस्ट १९९४ मध्ये. बेसबॉलपटूंचा संप नुकताच सुरू झाला होता आणि पुढे त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिकाही रद्द झाली. त्यामुळे मी बेसबॉलचा सामना बघण्याआधी बेसबॉलची कार्डं, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली जमवायची कार्डं, बघितली. शेजारच्या गल्लीत कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात बुटांच्या खोक्यात ती भरलेली होती. पत्त्यांच्या कॅटमधल्या पत्त्याएवढी, अडीच बाय साडेतीन इंच. सगळी १९८७ ची, टॉप्स कंपनीची, आणि प्रत्येकाची चौकट लाकडासारखी. आपल्याकडच्या जुन्या शटरच्या टीव्हीची आठवण झाली. खेळाडू एकही ओळखीचा नव्हता. चौकट बघून खोकं घेतलं. त्या सालची कार्डं इतकी छापली गेली होती की खोकं जवळजवळ फुकटातच मिळालं.

माझा पुण्यातला खोलीमित्र तेव्हा शिकागोत होता, त्यालाही मी हे वेड लावलं. फोनला मिनिटाला पैसे पडायचे. दर फेब्रुवारीच्या सुमारास टॉप्सचा त्या सालचा नवा संच यायचा आणि ज्याला आधी मिळेल त्याने दुसऱ्याला नवं डिझाइन फोनवर सांगायचं, तेही एका वाक्यात. हाच आमचा नियम. फोटो पाठवायची सोय आली तरी आम्ही तो मोडलेला नाही, आणि तीस वर्षांनी मला वाटतं की डिझाइन पारखायची याहून चांगली कसोटी नाही.

जुनी कार्डं घ्या. १९६२: लाकडी चौकट, जिची नक्कल पुढे १९८७ ला झाली. १९७१: काळी चौकट. १९७२: रंगीबेरंगी कमान. १९७५: वर एक रंग, खाली दुसरा. १९८३: मोठ्या फोटोच्या कोपऱ्यात गोलात खेळाडूचा छोटा चेहरा. पाहा, तुम्ही ती बघितली नाहीत, तरी बाजारात समोर आली तर साल ओळखाल. काळ्या चौकटीची तर वेगळीच गंमत. कडेचा जरासा टवका उडाला की आतला पांढरा पुठ्ठा डोळा मारतो, म्हणून तिची धडधाकट कार्डं मिळणं मुश्कील. डिझाइन करणाऱ्याने हा विचार केला नसणार, पण संग्राहकांना तीच ओळख लक्षात राहिली.

या सगळ्याची सुरुवात १९५२ च्या संचापासून. टॉप्सचा साय बर्गर आणि त्याचा सहकारी वुडी गेलमन यांनी ब्रुकलिनमध्ये बर्गरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो आखला. पुढे नाव, सही, संघाचं चिन्ह, मागे आकडेवारी. च्युइंगगम खपवायला काढलेला माल. उरलेली खोकी १९६० मध्ये बर्गरने चक्क अटलांटिक समुद्रात बुडवली. त्याच संचातलं गाजलेला खेळाडू मिकी मँटलचं ३११ नंबरचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. असो, किमतीच्या गोष्टी सगळेच सांगतात.

आता नव्यांकडे येऊ. २०१६ ला टॉप्सने मुख्य संचातली चौकट काढूनच टाकली. फोटो काठापर्यंत, कोपऱ्यांत धुरासारखं काहीतरी. मित्राला फोन केला आणि मला वाक्यच सापडेना. शेवटी म्हणालो, "अरे, नुसता फोटो आहे." पुढच्या वर्षी खाली टीव्हीवरच्या स्कोअरसारखी पट्टी आली. २०१८ ला मित्राचा फोन: "घसरगुंडी!" खाली खरंच वळणदार पाणघसरगुंडी होती. सगळे हसले, पण ते साल कोण विसरेल? मला तो संच आवडत नाही, तरी मी त्याला पास करतो. २०२० ला नाव उभं छापलं. वाचायला मान वाकडी करावी लागते. नापास. आणि २०२३ ला कोपऱ्यातला छोटा फोटो परत आला, १९८३ ची आठवण करून देणारा. त्या वर्षी मी दोन पेट्या घेतल्या.

अडचण कुठे आहे याचा माझा अंदाज सांगतो. २००१ ला टॉप्सने सोनेरी चौकटीची कार्डं काढली, प्रत्येक कार्ड मोजून २००१ प्रती. मजा आली. आता तेच कार्ड निळं, हिरवं, काळं, गुलाबी, झगमगीत अशा अनेक रंगांत येतं, कुठल्या रंगाची तर एकच प्रत. मग मूळ डिझाइन असं लागतं की कुठलाही रंग त्यावर खपून जावा, म्हणजे भाड्याने द्यायच्या खोलीच्या भिंतीसारखं. पॅक फोडणारा पोरगा आधी रंग बघतो, मग प्रतींचा आकडा, खेळाडू तिसरा.

हे माझ्या वयाचं बोलणं असेल, हेही कबूल. लाकडी चौकटीचं कौतुक करताना मी तिशीतला होतो. माझ्या मुलीला विचाराल तर २०१६ चा संच सगळ्यात देखणा. ती म्हणते, "बाबा, तू फोटो बघतच नाहीस, चौकट बघतोस." तेव्हा न्यूयॉर्क मेट्स संघात असलेला जेकब डीग्रॉम तिचा लाडका खेळाडू. त्याचं त्या सालचं कार्ड तिने माझ्याकडून मागून नेलं. मागच्या महिन्यात तिच्या घरी गेलो तर ते भिंतीवर लावलेलं होतं.

चांगल्या चार बोटं रुंद लाकडी चौकटीत.

मी काही बोललो नाही. घरी येऊन शिकागोला फोन लावला.