अष्टप्रधानांच्या चिठ्ठ्या

नमस्कार श्रोतेहो.

"गट करून बसा" म्हटलं की वर्गात काय होतं, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. सुंदर अक्षराची मुलगी तक्ता लिहिते, एकजण तिला सांगतो आणि उरलेले खोडरबर उडवतात. तक्त्याखाली नावं मात्र पाचही जणांची! एकीची मजुरी, पाचांची हजेरी. याला सहकारी अध्ययन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती. वर्ग कसले, कुरुक्षेत्रच. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं तिथे धड्याचेच तुकडे केले. थोर माणसाचं चरित्र घ्यायचं, प्रत्येक मुलाला त्यातला एकच भाग द्यायचा आणि बाकीचं सोबत्यांकडून ऐकायचं. परीक्षा मात्र ज्याची त्याची. अडखळत बोलणाऱ्याला हसून भागेना, कारण त्याच्याजवळचा तुकडा दुसऱ्या कुणाकडे नव्हताच. पुढे गुण मोजले, तेव्हा काळी आणि मेक्सिकन मुलं पुढे सरकलेली दिसली आणि गोऱ्या मुलांचंही काही बिघडलं नव्हतं. या पद्धतीला 'जिगसॉ' म्हणतात.

आता आपल्या चौथीच्या इतिहासाकडे या. अष्टप्रधान मंडळ मुलं पाढ्यासारखं म्हणतात. अमात्य काय करायचे, विचारलं की गप्प. मी चौघांचा गट करते आणि प्रत्येकाला दोन प्रधानांची चिठ्ठी देते. सारखी चिठ्ठी असलेली मुलं आधी एकत्र बसून आपला भाग पक्का करतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. एवढ्यावर थांबलं तर पुन्हा पाठांतरच. म्हणून एक प्रसंग देते. 1674 साली राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. समजा, प्रधानांनी कामं आपापल्या खात्याप्रमाणे वाटून घेतली, तर त्याच्याशी बोलणी कोण करेल? आज्ञापत्र कोण तयार करेल? पैशाचा हिशेब कुणाकडे? सुमंत, सचिव, अमात्य अशी एकेक चिठ्ठी बोलती होते. भांडणंही होतात, होऊ द्यावीत.

अडचणी आहेतच. एका तासिकेचं काम दोन तासिका खातं. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुलाची चिठ्ठी त्याच्यासोबत जाते आणि गटाचे दोन प्रधान गायब! त्यामुळे हंगामात एकच चिठ्ठी मी दोघांना देते, गट थोडा मोठा झाला तरी चालेल. हुशार मुलांचे पालक कुरकुरतात, "आमच्यानं दुसऱ्यांना का शिकवायचं?" त्यांना मी वर्गात बसवते. समजावून सांगताना आपल्यालाच कुठे कळलेलं नाही, हे त्या हुशार मुलाला तिथेच उमगतं.

पहिल्या दिवशी गोंगाट होईल. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारातून डोकावतील. त्यांना आत बोलवा आणि न्यायाधीशांची चिठ्ठी हातात द्या.