काचेच्या तंतूत सिलिकॉनचा गाभा

श्रोतेहो, नमस्कार.

घरापर्यंत इंटरनेट आणणारा ऑप्टिकल फायबर म्हणजे अतिशुद्ध काचेचा बारीक तंतू. प्रकाश वाहून नेणं एवढंच त्याचं काम. पण आलेला संदेश वाचायचा, तर टोकाला सिलिकॉनसारख्या सेमीकंडक्टरची चिप हवीच. तंतू गोल, चिप चपटी. त्यांची जुळणी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबात करावी लागते आणि ती खर्चिक असते. मग चिपचा मालच तंतूच्या पोटात भरला तर?

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे जॉन बॅडिंग आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचे पियर साझिओ यांच्या गटांनी 2006 साली ते करून दाखवलं. त्यांनी लांबीभर सूक्ष्म भोकं असलेला काचेचा तंतू घेतला, त्यात सिलिकॉन किंवा जर्मेनियमची वायुरूप संयुगं प्रचंड दाबानं सोडली आणि तंतू तापवला. वायूचं विघटन झालं आणि आतल्या भिंतीवर सिलिकॉनचे थर बसत गेले. इतका दाब कशाला? भोक मायक्रॉनभराचं, साध्या दाबानं वायू आत सरकणार कसा!

दोन वर्षांनी क्लेमसन विद्यापीठात जॉन बॅलाटो यांच्या गटानं वेगळी वाट धरली. काचेच्या नळीत सिलिकॉनची कांडी घातली आणि भट्टीत तापवून तंतू ओढला. सिलिकॉन 1414 अंश सेल्सिअसला वितळतं. काच ओढण्याजोगी मऊ व्हायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. त्यामुळे बाहेर मऊ काच, आत पातळ सिलिकॉन, आणि दोन्ही एकदमच लांबत जातात. मला हीच रीत अधिक आवडते. फायबरच्या कारखान्यांना ती परकी वाटणार नाही.

खरी डोकेदुखी थंड होताना सुरू होते. पाण्याप्रमाणे सिलिकॉनही गोठताना फुगतं. काचेतला ऑक्सिजन गाभ्यात शिरतो. एकसंध स्फटिकाऐवजी लहानलहान स्फटिक तयार होतात आणि त्यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला उर्सुला गिब्सन यांच्या गटानं हा ऑक्सिजन रोखायला काच आणि सिलिकॉन यांच्यामध्ये कॅल्शियम ऑक्साइडचा थर दिला. पुढे सिलिकॉन-जर्मेनियमचा गाभा लेझरनं पुन्हा वितळवून स्फटिक सुधारले.

तरीही लांबच्या पल्ल्याला हे तंतू उपयोगाचे नाहीत, हे सांगायलाच हवं. चांगल्या काचेच्या फायबरमध्ये किलोमीटरमागे जेमतेम 0.2 डेसिबल, म्हणजे साधारण साडेचार टक्के, प्रकाश वाया जातो. सिलिकॉनच्या गाभ्यात घट मोजायची ती मीटरमागे, नाहीतर सेंटीमीटरमागे. त्यांची जागा निराळी. दोनेक मायक्रॉन तरंगलांबीच्या पुढचा अवरक्त प्रकाश काच शोषून घेते, तिथे सिलिकॉन, जर्मेनियम पारदर्शक असतात. 2011 मध्ये पेन स्टेटनं झिंक सेलेनाइडचा गाभाही बनवला. तो आणखी लांब तरंगलांबीपर्यंत चालतो.

पण या सगळ्यात मोलाचा वाटतो तो 2012 चा प्रयोग. बॅडिंग आणि साझिओ यांच्याच गटांनी तंतूच्या आत प्रकाश टिपणारी सेमीकंडक्टर जोडणी उभी केली. प्रकाशाचा विद्युत संदेश तंतूतच, गिगाहर्ट्झच्या वेगानं तयार झाला. टोकाला निराळी चिप लावावी लागली नाही.