डबा नंतर बघा, आधी सांधे बघा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय अॅक्शन फिगर्स (हातपाय हलवता येणाऱ्या छोट्या माणसांची खेळणी) आणि रोबो खेळण्यांवर, म्हणजे ती गोळा करण्यावर आणि त्याहून जास्त ती नीट तपासण्यावर. माझं मत आधीच सांगून टाकतो. फिगर चांगली की वाईट हे तिचा चेहरा आणि डबा बघून ठरवायची जी सवय आपल्याला लागलीये ना, ती सोडायला हवी. फिगर ठरते सांध्यांवर आणि प्लास्टिकवर, आणि या दोन्ही गोष्टी डब्याबाहेर काढल्याशिवाय कळत नाहीत.

जी.आय. जो हा खेळण्यातला सैनिक घ्या. १९६४ ला अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने काढला तेव्हा तो बारा इंची होता, कापडी युनिफॉर्म घातलेला. मग १९८२ ला तो पावणेचार इंचाचा होऊन आला, तळहातावर उभा राहील एवढा, आणि या छोट्या जोच्या पोटात जी रचना आहे ती मला आजही खेळण्यांच्या जगातली फार हुशार रचना वाटते. पाठीवर फक्त एक स्क्रू, तो काढला की छातीचे दोन भाग सुटे होतात, आत एक काळी रबरी ओ-रिंग असते, प्लंबर लोक वापरतात तसलीच, ती वर छातीतल्या खुंटीला अडकवलेली आणि खाली पाय जोडणाऱ्या धातूच्या हुकाला, आणि त्या रबराच्या ताणावर कंबर आणि दोन्ही पाय जागेवर राहतात. त्या एका रिंगमुळे हा माणूस वाकतो, वळतो, जीपमध्ये बसतो, एक गुडघा टेकवून नेम धरतो.

आता रबर म्हटलं की ते सुकणार, कडक होणार, कधीतरी तुटणार, आणि पॅकेट उघडलंय की नाही याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. म्हणजे चाळीस वर्षं सीलबंद ठेवलेला, भिंतीवर टांगलेला, कोणीतरी भरपूर पैसे मोजून घेतलेला जी.आय. जो आतल्या आत कंबरेपासून सुटलेला असू शकतो. आणि जो मुलाने रोज मातीत खेळवला, ज्याची रिंग तुटली आणि वडिलांनी स्क्रू उघडून नवी घातली, तो आजही ताठ उभा आहे. माझ्यासाठी हा दुसरा जास्त मोलाचा, त्यात मला शंकाच नाही.

पहिल्या वर्षीच्या जोचा हात खांद्यात फिरायचा आणि कोपरात वाकायचा, बस्स. त्यामुळे बंदूक एका हातात द्यायची आणि दुसरा हात नुसता हवेत. १९८३ ला कोपराच्या वर दंडात एक फिरता सांधा आला, छोटासाच बदल, पण त्याने दोन्ही हात बंदुकीवर आले, शिडी धरता यायला लागली, सगळ्या पोझेसच बदलल्या. फिगर तपासताना मी हेच बघतो की सांध्याने काय करता येतंय. आजकाल डब्यावर सांध्यांचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात, आणि प्रत्यक्षात सहा इंची फिगर हातात घेतली तर कोपर दुहेरी असतं, खांदा छातीच्या आत सरकतो, सगळं आहे, पण खांद्यावरचं चिलखत इतकं कडक की हात वर जातच नाही. मग तो आकडा काय कामाचा? त्यापेक्षा चार सांधे कमी द्या आणि चिलखत मऊ प्लास्टिकचं करा.

रंगाचंही तसंच. १९८२ च्या जोच्या पहिल्या फळीत स्नेक आईज होता, त्याच्यावर रंगाचा एकही हात नाही, कारण खर्च वाचवायचा होता, सरळ काळ्या प्लास्टिकमध्ये ओतला आणि दिला. आणि सगळ्या मालिकेत लोकांचा सगळ्यात लाडका तोच झाला! मूर्तिकाम चांगलं होतं म्हणून झाला, पट्टे, खिसे, चेहऱ्यावरचा मास्क सगळं साच्यातच होतं, आणि शिवाय कॉमिक्स लेखक लॅरी हामाने पॅकेटच्या कार्डामागे त्याची जी माहिती लिहिली होती ती वाचून पोरं वेडी व्हायची. हामा स्वतः अमेरिकन लष्करात होता, त्यामुळे त्या चार-पाच ओळींतही माणूस खरा वाटायचा. ती कार्डं कापून ठेवायची असायची. ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनी प्लीज जपा.

आणि जोचा विषय निघाला की गोवा आलंच पाहिजे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढलेली फनस्कूल, तिचा कारखाना गोव्यात, आणि हॅस्ब्रोच्या साच्यांवरून आपल्याकडे जी.आय. जो तयार व्हायला लागले. नव्वदच्या दशकात मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात काउंटरच्या मागे ती कार्डं लटकलेली असायची. अमेरिकेत ती छोटी मालिका १९९४ ला थांबली, आपल्याकडे मात्र पुढेही चालू राहिली, आणि फनस्कूलवाले रंग आपल्या मनाने बदलायचे, अमेरिकेत जो सैनिक हिरव्या कपड्यात तो इथे भलत्याच रंगात. तिकडच्या कलेक्टरांना हे कळलं तसे ते या भारतीय फिगर्सच्या मागे लागले आणि आजही लागलेत. रंगकाम कधी जाड, कधी कडेच्या बाहेर गेलेलं, सांधे कधी सैल, हे मी मान्य करतो, तपासणी करायची तर आपल्या मालाचीही तेवढ्याच कडकपणे करायची. पण त्या रंगांमध्ये एक बिनधास्तपणा आहे जो मूळ मालिकेत मला कमी दिसतो. तुमच्या माळ्यावर, आईने बांधून ठेवलेल्या पिशवीत असतील तर काढा. फक्त लगेच बंदूक हातात कोंबू नका, जुन्या जोचा अंगठा पटकन मोडतो आणि मोडलेला अंगठा परत बसत नाही. आधी स्क्रू उघडा, रिंग बदला, मग खेळा.

आता रोबोंकडे येऊ, माझा जास्त जीव तिकडे आहे.

जपानच्या ताकारा कंपनीच्या दोन मालिका होत्या, १९८० पासून डायक्लोन आणि नंतर मायक्रो चेंज. डायक्लोनमध्ये गाडीचा रोबो व्हायचा आणि त्या गाडीत बसायला एक इंचभर उंचीचा ड्रायव्हर असायचा, पायात चुंबक असलेला. मायक्रो चेंजमध्ये घरातल्या वस्तू जशाच्या तशा आकारात, कॅसेट प्लेअर, पिस्तूल, छोटी खेळण्यातली गाडी, आणि त्यांचे रोबो. हॅस्ब्रोने हे साचे घेतले, दोन्ही मालिका एकत्र केल्या, मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कीकडून बहुतेक पात्रांना नावं आणि स्वभाव लिहून घेतले, आणि १९८४ ला ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकायला काढले. म्हणून त्या पहिल्या गाड्यांचे दरवाजे उघडतात आणि आत सीट असते, रिकामी. खूप जणांना प्रश्न पडतो की जो स्वतःच जिवंत रोबो आहे त्याला सीट कशाला, तर ती त्या डायक्लोनच्या छोट्या ड्रायव्हरची जागा आहे, माणूस गेला आणि खुर्ची राहिली. आणि पिस्तुलाचा रोबो आणि ट्रकचा रोबो शेजारी ठेवले की प्रमाणात काहीच मेळ बसत नाही, कारण ते मुळात एका कुटुंबातले नाहीतच. हे माहीत नसेल तर रिव्ह्यू करणारा सहज म्हणेल की डिझायनर निष्काळजी होता. अजिबात नव्हता, फार काळजीपूर्वक काम होतं ते, फक्त दुसऱ्या खेळासाठी होतं.

मिसाईलचंही असंच. अमेरिकन आवृत्तीतल्या तोफांतून मिसाईल जेमतेम टपकतं, जपानी आवृत्तीत सणकून उडतं. कारण १९७८ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या एका खेळण्यातलं मिसाईल घशात अडकून एक लहान मूल दगावलं होतं, त्यानंतर कंपन्यांनी स्प्रिंग कमजोर केल्या. याला मी दोष म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये.

रोबोच्या तपासणीत मी आधी बघतो ते रूपांतर, म्हणजे गाडीचा रोबो होताना गाडी कुठे जाते. चांगल्या डिझाइनमध्ये बॉनेटची छाती होते, दरवाज्यांचे पंख होतात, मागचा भाग पाय होतो, प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडे काम असतं. वाईट डिझाइनमध्ये आत एक बारीकसा रोबो घडी घालून बसवलेला असतो आणि सगळी गाडी सोलून त्याच्या पाठीवर लादतात. या लोंबणाऱ्या भागांना कलेक्टर किबल म्हणतात, आणि एखादा भाग काढून बाजूला ठेवायला लागला तर ते पार्ट्सफॉर्मिंग. शोजी कावामोरी, ज्याने डायक्लोनच्या गाड्यांवर काम केलं आणि १९८२ मध्ये वाल्कीरी हे विमान-रोबोचं अफलातून डिझाइन दिलं, तो माणूस लेगोचे ठोकळे जोडून जोडून रूपांतर आधी हाताने करून बघतो. हे त्याच्या खेळण्यांत जाणवतं हो! बोटाला कळतं की पुढची घडी कुठे पडणार आहे.

ट्रान्सफॉर्मर्सचा नायक, ट्रकचा रोबो होणारा ऑप्टिमस प्राईम, त्याचंच बघा, ताकाराने मास्टरपीस मालिका सुरू केली २००३ ला, पहिला नंबर त्याचाच, धातूचे भाग, वजनदार, रॅचेटचे, म्हणजे टप्प्याटप्प्याने अडकत फिरणारे सांधे, हलवला की कटकट आवाज. मग २०११ ला दहावा नंबर, थोडा लहान, सोबत ट्रेलर. मग २०१९ ला चव्वेचाळीसावा, अगदी कार्टूनमधून उचलून ठेवल्यासारखा. फोटोत चव्वेचाळीसावाच जिंकतो. पण हातात घेतल्यावर माझं मत दहाव्यालाच, कारण दोन-चारदा केला की कागद न बघता रूपांतर जमतं, आणि चव्वेचाळीसाव्यात इतके बारीक पॅनेल आहेत की ट्रक करायला घेतला की भीती वाटते काही मोडेल म्हणून, आणि मग तो रोबो म्हणूनच कपाटात उभा राहतो कायमचा. ज्याचं रूपांतर करायची भीती वाटते तो रूपांतराचा रोबो मी पूर्ण मार्कांचा कसा म्हणू?

आणि मग प्लास्टिक. १९८५ चा जेटफायर नावाचा ट्रान्सफॉर्मर, तो कावामोरीच्या त्या वाल्कीरीच्याच साच्यातला, पांढराशुभ्र. आज बहुतेक जेटफायर पिवळे पडलेत, एबीएस प्लास्टिक ऊन आणि उष्णतेने पिवळं होतं. पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवला की पांढरा होतो, पण ते परत पिवळं पडू शकतं आणि प्लास्टिक ठिसूळ व्हायचा धोका राहतो, म्हणून मी तरी करत नाही, पिवळा तर पिवळा. त्याहून वाईट म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात वापरलेलं सोनेरी चमकीचं प्लास्टिक. त्यात चमक मिसळलेली असायची आणि त्यामुळे ते काही वर्षांत इतकं ठिसूळ होतं की सांधा फिरवला की भुगा. डबा न उघडलेला असला तरी! अमेरिकेत ए.एफ.ए. नावाची संस्था खेळणं आणि डबा तपासून मार्क देते आणि अॅक्रिलिकच्या पेटीत सील करून देते, लोक त्या आकड्यावर हजारो रुपये जास्त देतात, पण तो आकडा बाहेरून जे दिसतं त्याचा असतो. आत सांधा भुगा व्हायला टेकलाय का, हे काचेतून कोण सांगणार?

आपल्याकडे तर हे तपासणं जास्तच गरजेचं झालंय. २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७०, आणि २०२१ पासून बीआयएसचा शिक्का सक्तीचा. देशी कारखान्यांना बळ मिळावं हा हेतू मला पटतो, पण कलेक्टरला बाहेरची फिगर दुकानात हातात घेऊन बघायला मिळणं अवघड झालंय, क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत फिरलं तरी पुष्कळदा नकलाच दिसतात. म्हणजे सगळा भरवसा दुसऱ्या कोणीतरी केलेल्या व्हिडिओवर. म्हणून जे रिव्ह्यू करतात त्यांना माझी मनापासून विनंती आहे, डबा फिरवून दाखवण्यात पाच मिनिटं घालवू नका, कोपराचा क्लोजअप दाखवा, पिन दिसते का, हात मागून पोकळ आहे का, एका पायावर उभी राहते का. आणि महिनाभर शेल्फवर ठेवून परत एकदा सांगा की घोटा सैल झाला की नाही. पहिल्या दिवशी सगळ्याच फिगर्स छान असतात.

शेवटी आपल्या हवेबद्दल थोडं, कारण बाहेरच्या सल्ल्यांत हे नसतं. मुंबई, कोकण, गोवा इकडच्या दमट गरमीत मऊ पीव्हीसीच्या फिगर्स चिकट होतात, प्लास्टिक मऊ ठेवायला जे द्रव्य घातलेलं असतं तेच बाहेर पाझरतं. घाबरू नका, कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रशने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, आणि हवाबंद डब्यात परत कोंडू नका. मे महिन्यात उंच फिगर पुढे झुकली असेल तर पाय गरम पाण्यात धरून सरळ करा आणि तसाच गार पाण्यात बुडवा, आकार टिकतो. सांधा अडकला असेल तर जोर लावू नका, हेअर ड्रायरने थोडा गरम करा, सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडा, हळूहळू मागेपुढे करा, सुटतो. सोनेरी चमकीचा असेल तर मात्र तोही प्रयत्न नको, तसाच राहू द्या. येतो मंडळी, नमस्कार.